चारच्या जागी सहा

सेवादास आडेला दोन शब्दांचा भारी राग होता. एक 'बिचारा' आणि दुसरा 'चमत्कार'. डोळे गेल्यापासून लोकांनी त्याला आलटूनपालटून हेच दोन शब्द दिले होते. ठेच लागून पडला की बिचारा, आणि नोट हाताने चाचपून बरोबर सुटे पैसे परत दिले की चमत्कार. मधला कुठला शब्द त्याच्या वाट्याला येतच नव्हता.

आर्णीला माहूर रोडवर त्याची पिठाची गिरणी आहे. तो आणि राखी, त्याची बायको, दोघं मिळून चालवतात. त्याआधी तो आर्णी-दिग्रस काळीपिवळी चालवायचा. पंचविशीत रात्रीचं दिसेनासं झालं, मग रस्त्याच्या कडा गेल्या, मग समोरची बैलगाडी अर्धीच दिसायला लागली. त्या दिवशी त्यानं गाडी बाजूला लावली, चावी मालकाच्या हातात दिली आणि तांड्यावर परत आला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, औषध नाही. तिशी ओलांडेपर्यंत उरलासुरला उजेडही गेला.

बुद्धिबळ त्याला अमरावतीला भेटलं. आंधळ्यांसाठीच्या एका प्रशिक्षणाला गेला होता, तिथं खोलीतल्या सोबत्यानं त्याच्यापुढं एक पट सरकवला. प्रत्येक घराला एक भोक, प्रत्येक मोहऱ्याच्या बुडाला एक खुंटी. काळी घरं पांढऱ्यांपेक्षा जराशी उंच, काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर बारीक टोक. बोटांनी सगळा पट वाचता येतो. सेवादासनं पहिल्या रात्री जेवणाची घंटा ऐकली नाही.

घरी आल्यावर तो दुपारी गिरणी बंद असायची तेव्हा पट मांडून बसायचा आणि चाली मोठ्यानं म्हणायचा. आंधळ्यांच्या खेळात चाल बोलून सांगावी लागते. पटाच्या आठ उभ्या रांगांना त्यासाठी आठ परदेशी नावं आहेत, म्हणजे ऐकताना गफलत होत नाही. ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, इव्हा, फेलिक्स, गुस्ताव्ह, हेक्टर. आडव्या रांगांना एक ते आठ आकडे. त्याची आई बिजलीबाई एक दिवस ऐकून ऐकून राखीला म्हणाली, "हे कोन लोक होय वं? याचे गाडीतले पॅसेंजर होते का?"

तर हा सेवादास चार वर्षांपासून यवतमाळच्या जिल्हा स्पर्धेत खेळत होता. डोळसांच्याच स्पर्धेत. पहिले चार जण जिल्ह्याच्या संघात जायचे, आणि त्या चारांत आपलं नाव यावं एवढंच त्याला पाहिजे होतं. तीन वर्षं तो मधल्या गर्दीतच राहिला. यंदा मात्र शेवटच्या फेरीच्या आधी तो असा उभा होता की जिंकला तर आत, बरोबरी झाली तरी बाहेर.

यंदाही 'बिचारा' हा शब्द न बोलता आलाच होता. तिसऱ्या फेरीत त्याच्यापुढं नयन नावाचा कॉलेजातला पोरगा होता. सेवादासचा हत्ती चुकून उंटाच्या तोंडी गेला. नयन हळूच म्हणाला, "काका, परत घ्या चाल. मी काही म्हनत नाही."

"काहून?"

"असंच. चुकून झालं ना तुमचं."

"तुह्या हातून झालं असतं तं मी परत घेऊ देलं असतं का? मार तो हत्ती. घड्याळ दाब."

पोरानं हत्ती मारला. सेवादास हरला. पण त्या हरण्यानं त्याला जेवण गोड लागलं, असं राखी सांगते.

शेवटच्या फेरीत समोर सदाशिवराव होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे यवतमाळचेच. जिल्ह्यातल्या दोन पिढ्या त्यांच्याकडून हरून शिकल्या होत्या. खेळताना तोंडात सुपारी, आणि ती चघळायचा वेग हीच त्यांची एक खूण. दोघांपुढं दोन पट होते. एक सदाशिवरावांचा साधा, एक सेवादासचा भोकांचा. एकानं चाल सांगायची, दुसऱ्यानं तीच परत उच्चारून आपल्या पटावर करायची. विमलताई नावाच्या पंच होत्या, त्यांनी नियम सकाळीच पुन्हा वाचून दाखवला होता. बोलताना चूक झाली तर घड्याळ दाबायच्या आधी सुधारा. घड्याळ दाबलं की बोललेली चाल कायम.

मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये पंखे कुरकुरत होते. राखी मागच्या खुर्च्यांवर डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिला खेळ कळत नाही, नवरा कळतो.

डाव अडकला होता. सेवादासकडं पांढरे मोहरे होते. त्याचा एक घोडा पार उजव्या काठावर, हेक्टर पाचवर, उपाशी उभा होता, आणि मधल्या प्याद्यावर सदाशिवरावांचे दोन मोहरे डोळा ठेवून होते. त्यांचा वजीर तर पटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन एक प्यादं गिळून आला होता. सेवादासनं ठरवलं, घोडा आत घ्यायचा. आता फेलिक्स चार, पुढच्या चालीला इव्हा दोन, मग मधल्या प्याद्याला आधार होईल. चाल भित्री होती, पण घर सांभाळणारी होती. कानात बोलक्या घड्याळाच्या इअरफोनची तार होती आणि ते घड्याळ आता वरचेवर बोलायला लागलं होतं. वेळ कमी राहिला होता.

त्यानं डाव्या हाताचं बोट फेलिक्स चारच्या भोकात ठेवलं. खुणेसाठी. उजव्या हातानं घोडा उपसला आणि सांगायला सुरुवात केली. "हेक्टर पाच... फेलिक्स..."

त्याच क्षणाला माईकवर कोणीतरी ओरडलं, "टेबल नंबर सहा! सहाचा निकाल आणून द्या!"

"...सहा," सेवादास म्हणाला. आणि घोडा मुठीत तसाच धरून घाईनं घड्याळाचं बटण दाबलं.

समोरून सदाशिवरावांचा आवाज आला. "हेक्टर पाच, फेलिक्स सहा." मग जरा थांबून, "शह."

शह? कशाचा शह? सेवादासला आधी कळलंच नाही. मग एकदम कळलं आणि कानांच्या पाळ्या तापल्या. आपण चार म्हणालो नाही, सहा म्हणालो. फेलिक्स सहावर घोडा म्हणजे थेट राजाच्या दारात, आणि तिथं बाजूचं प्यादं त्याला मारायला बसलेलं. घोडा फुकट. डाव गेला. चौघांतलं नाव गेलं. तेही चुकीच्या विचारानं नाही, माईकवरच्या कोण्या माणसाच्या ओरडण्यानं.

घोडा अजून त्याच्या मुठीत होता आणि डावं बोट अजून चारच्या भोकात. ते बोट समोरच्याला दिसत असणार. सदाशिवरावांना डोळे आहेत.

त्यानं श्वास घेतला. बोट उचलून दोन भोकं वर सरकवलं आणि घोडा सहाच्या घरात दाबून बसवला. खुंटी आत जाताना टक् आवाज झाला.

"आडे," विमलताई बाजूला येऊन उभ्या राहिल्या होत्या. "काही म्हणायचं आहे का?"

म्हणायचं तर होतंच. माईकमुळं गोंधळ झाला असं म्हणता आलं असतं. कोणी नाही म्हटलं नसतं. सगळ्यांनी माना हलवल्या असत्या, बिचाऱ्याला घेऊ द्या परत चाल.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "काही नाही."

आता त्याच्यापुढं एकच काम होतं, तोंड सांभाळायचं. डोळस माणसाला समोरच्याचा चेहरा दिसतो, आणि सेवादासला माहीत होतं की आपला चेहरा आपल्याला दिसत नसल्यामुळं तो कधी फितूर होईल सांगता येत नाही. त्यानं ओठ मिटून घेतले, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि सदाशिवरावांची सुपारी ऐकू लागला. सुपारी थांबली होती. खुर्ची करकरली. ते पुढं वाकले असावेत. मग चघळणं पुन्हा सुरू झालं, एकदम सावकाश, निवांत.

"गुस्ताव्ह सात मारतो फेलिक्स सहा." आवाजात एक मऊपणा होता. हा मऊपणा सेवादासच्या ओळखीचा होता. लोक त्याला रस्ता ओलांडून देताना असंच बोलतात.

म्हणजे यांनी पाहिलं. बोट पाहिलं, आणि आता वाईट वाटून घेत आहेत.

घड्याळ त्याच्या कानात वेळ सांगत होतं. त्यानं मेलेला घोडा काढून बाजूला ठेवला, काळं प्यादं फेलिक्स सहाला बसवलं. हार कबूल करावी का? हात पुढं केला की संपलं, राखीला घेऊन पाचची बस पकडता येईल. पण हात पुढं झाला नाही. सवयीनं त्याची बोटं पट वाचायला लागली होती. काळा राजा गुस्ताव्ह आठवर. त्याच्यापुढं गुस्ताव्ह सात.

गुस्ताव्ह सातला काही नव्हतं.

बोट भोकात गेलं आणि तिथंच थांबलं. ज्या प्याद्यानं घोडा मारला, ते राजाच्या दारातून उठून गेलं होतं. दार उघडं. आणि ज्या वजिरानं येऊन ते झाकायचं, तो पार ॲना-बेलाच्या रांगेत एक प्यादं पचवत बसला होता.

सेवादासच्या पाठीला घाम फुटला. हरताना नव्हता फुटला तो आता फुटला. आता गमवायला काहीतरी होतं.

इव्हा पाचवर आपलं प्यादं आहे. ते फेलिक्स सहाला मारेल. मग ते राजाच्या नाकासमोर. वजीर डेव्हिड दोनवरून तिरपा थेट हेक्टर सहापर्यंत जातो, मधे काही नाही. बोटांनी ती तिरपी वाट त्यानं एकदा तपासली, मग पुन्हा तपासली. तिथून गुस्ताव्ह सातला मात. ते राजा कोपऱ्यात सरकवतील, मग हत्ती गुस्ताव्ह आठला आणून वाचवतील. मग? मग अडकलं. घड्याळ बोललं. मग काय? हत्ती आपला डेव्हिड तीनवर, त्याच्या मागं उंट सीझर दोनवर दबून बसलेला, आपल्याच हत्तीनं अडवलेला. हत्ती बाजूला झाला तर...

हत्ती बाजूला झाला तर उंटाची वाट मोकळी होते. सरळ हेक्टर सातपर्यंत.

त्याला दिसलं. डोळे असते तर कसं दिसलं असतं ठाऊक नाही, पण त्याला लख्ख दिसलं.

"इव्हा पाच मारतो फेलिक्स सहा." सेवादासनं सांगितलं.

सदाशिवराव थोडे थबकले. राजा कोपऱ्यात, हेक्टर आठला सरकला. सेवादासनं वजीर हेक्टर सहाला नेला. आता सुपारी पुन्हा बंद पडली. बराच वेळ पंख्याचाच आवाज. मागं कोणाच्या तरी चपला वाजल्या, मग आणखी कोणाच्या. टेबलाभोवती माणसं जमत होती, त्यांच्या श्वासांनी हवा गरम झाली.

"हत्ती. फेलिक्स आठ, गुस्ताव्ह आठ," सदाशिवराव म्हणाले. मऊपणा गेला होता.

सेवादासनं वजीर उपसला. या वेळी त्यानं आधी आकडा मनात म्हटला, दोनदा म्हटला, मग तोंड उघडलं.

"हेक्टर सहा मारतो हेक्टर सात. शह."

कोणीतरी मागं "अरे!" म्हणालं आणि विमलताईंनी त्याला गप्प केलं. पांढरा वजीर राजाच्या हातात आपण होऊन गेला होता, आणि राजाला तो मारल्याशिवाय गत नव्हती. सदाशिवरावांनी मारला. सेवादासनं हत्ती शोधला, डेव्हिड तीनवरून उपसला, उजवीकडं एक एक भोक मोजत गेला.

"डेव्हिड तीन, हेक्टर तीन. उंटाचाबी शह, हत्तीचाबी शह." त्याला पुढचा शब्द उच्चारायला जड गेला. "मात."

मग खुर्ची मागं सरकली आणि सदाशिवरावांच्या कोरड्या, मोठ्या हातानं त्याचा हात शोधून घट्ट दाबला. त्यानंतर टाळ्या सुरू झाल्या.

बक्षीस समारंभात त्याला चौथ्या नंबरावर उभं केलं. आयोजक माईकवर म्हणाले, ज्यांना डोळे आहेत त्यांना घोडा मेलेला दिसला, आणि आडेसाहेबांना आतल्या डोळ्यांनी पाच चाली पुढची मात दिसली, चमत्कार याला म्हणतात. माईक त्यांनी सेवादासच्या हातात कोंबला. "दोन शब्द बोला. कसं सुचलं तुम्हाला?"

"सुचलं नाही," सेवादास म्हणाला. "मले चार म्हनायचं होतं. सहा निघालं तोंडून. तुमी माईकवर सहा सहा ओरडून राह्यले होते ना, म्हनून."

अख्खा हॉल हसला. टाळ्या आणखी वाढल्या. "एवढा मोठा खेळाडू आणि किती नम्र!" आयोजक म्हणाले.

बाहेर चहाच्या टपरीवर राखीनं त्याच्या हातात कप दिला आणि घरच्या बोलीत विचारलं, "कांई वेगो?" काय झालं? "मधी तुमी अंगठा चोळला. चुकल्यावर चोळता तसा. आन् मंग जिंकले कसे?"

सेवादास हसला. या अख्ख्या यवतमाळात एकीला तरी पटलं होतं. तो सांगायला लागणार तोच मागून सुपारीचा वास आला.

"आडे, बसू का?" सदाशिवरावच होते. बाकावर बसले. चहा मागवला. बराच वेळ बशी वाजवत राहिले. मग म्हणाले, "तुमचं बोट चारच्या भोकात होतं."

सेवादासच्या हातातला कप थांबला. "पाह्यलं तुमी."

"पाह्यलं ना. तिथंच तं मेलो." ते आता हसत होते, पण हसण्यात जळजळ होती. "तुमच्या जागी दुसरा कोणी असता अन् त्यानं असा घोडा माह्या दारात आणून ठेवला असता, तं मी हात लावला नसता. दहा मिनिटं विचार केला असता. राजा कोपऱ्यात सरकवून मोकळा झालो असतो. पण तुमचं बोट पाह्यलं आन् मले वाटलं, बिचाऱ्याची चूक झाली. चूक आहे म्हटल्यावर पुढचं कायले पाहू? मारला घोडा."

सेवादासला 'बिचाऱ्या'चा राग यायला पाहिजे होता. पण आज या शब्दानं पहिल्यांदाच कोणाचा तरी सगळा डाव बुडवला होता, आणि तो बुडलेला माणूस स्वतःच येऊन सांगत होता.

"पहिली चाल माही नाही," तो शेवटी म्हणाला. "ते मले कबूल आहे."

"पहिली नाही," सदाशिवराव म्हणाले. "बाकीच्या कोनाच्या? माईकवाल्याच्या?"

राखी हसली, मग सेवादासही हसला. पाचची बस निघून गेली होती, ते सहाच्या बसनं आर्णीला आले.

त्यानंतर महिनाभर गिरणीवर काय काय झालं ते राखी हसून सांगते. पेपरात बातमी आली, 'अंतर्ज्ञानाने घोड्याचा बळी'. गहू दळायला आलेल्या चंदाबाई पोरीच्या लग्नाचं विचारून गेल्या. बोरी अरबवरून एक माणूस बस बदलत आला, हरवलेली म्हैस कोणत्या दिशेला गेली ते सांगा म्हणाला. सेवादास त्याला म्हणाला, "मी म्हनन चार अन् निघन सहा, भलतीकडं जाशीन बापा." माणूस मोठ्या श्रद्धेनं नमस्कार करून गेला आणि म्हैस सापडल्यावर पेढे घेऊन आला. सेवादासनं डोक्याला हात लावला. पेढे मात्र खाल्ले.

संघाची राज्य स्पर्धा सांगलीला होती. चौघांत सेवादासही होता आणि सदाशिवरावही. त्यांचे इतर गुण भरपूर होते, एका हारीनं त्यांचं काही बिघडलं नव्हतं. रात्रीच्या लांब प्रवासाला दोघं एकाच सीटवर बसले. गाडी सुटली तसा सदाशिवरावांनी विषय काढला.

"समजा मी घोडा मारला नसता. राजा हेक्टर आठला. मंग काय केलं असतं तुमी?"

"हत्ती हेक्टर तीनला."

"मी प्यादं हेक्टर सहाला."

"मारतो. वजिरानं."

"वजिरानं? पुन्हा?" सदाशिवराव सीटवरून अर्धे उठले. "अहो, प्रत्येक वेळी वजीर फेकून चालत नाही आडे!"

"मारून तं पाहा. मंग हत्तीनं शह. जाता कुठं?"

सुपारीचा डबा उघडल्याचा आवाज आला. गाडीनं एक मोठं वळण घेतलं, आणि त्या वळणावर सेवादासच्या खांद्यावर त्यांचा खांदा येऊन आदळला.

"थांबा," सदाशिवराव म्हणाले. "पुन्हा सांगा. पहिल्यापासून."

मागच्या सीटवरच्या राखीनं डोक्यावरून शाल ओढून घेतली. सेवादासनं पिशवीतून पट काढला, मांडीवर ठेवला, आणि एक एक मोहरा चाचपून भोकात बसवायला लागला.